चिलटाची झोप आणि प्रथिनांचा घास

पिकल्या केळ्यांभोवती घुटमळणारं चिलट, म्हणजेच शास्त्रज्ञांची ड्रोसोफिला माशी, झोपतं हेच अनेकांना पटत नाही. ते नुसतं बसून राहतं, असं वाटतं. पण 2000 साली अमेरिकेतल्या दोन गटांनी हे तपासून पाहिलं. पाच मिनिटं किंवा जास्त वेळ निश्चल राहिलेली माशी सहजी दचकत नाही. रात्रभर जागवली, तर दुसऱ्या दिवशी ती झोप भरून काढते. कॅफिन दिलं की तिचीही झोप उडते. याला झोपच म्हणायला हवं.

दुसरा गैरसमज तिच्या आहाराचा. ती फळावर जगते असं आपण धरून चालतो. (आंबा, पेरू किडवणारी माशी ही नव्हे, तिचं कूळच वेगळं.) फळातून साखर मिळते, पण प्रथिनं आणि त्यांतली अमिनो आम्लं ती मुख्यतः सडत्या फळावर वाढणाऱ्या यीस्टमधून मिळवते. प्रयोगशाळेत म्हणूनच साखर आणि यीस्ट वेगवेगळं मोजून देता येतं, आणि झोपेवर कशाचा परिणाम होतो ते उकलता येतं.

‘गोड खाल्लं की पेंग येते’ हे आपलं ठाम मत. माशीच्या बाबतीत ते साफ फसलं. 2016 मध्ये जेवणानंतरच्या तिच्या डुलकीचा अभ्यास झाला, तेव्हा डुलकी लावणारे घटक निघाले प्रथिनं आणि मीठ. साखरेने काही झालं नाही. पोट किती भरलं एवढ्यावरच झोप ठरत नाही. पोटात काय गेलं यावरही ती ठरते.

मग प्रथिनं म्हणजे झोप, असं सरळ समीकरण मांडावं का? इथेच घोटाळा होतो. प्रत्येक अमिनो आम्लाची वाट निराळी असते. 2019 मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांना दिसलं, की अन्नात थ्रिओनिन वाढवलं तर माशी लवकर झोपी जाते, आणि हा परिणाम मेंदूतल्या गाबा या रसायनाच्या यंत्रणेतून घडतो. त्याच वर्षी चीनमधून सेरिनवरचा अभ्यास आला. सेरिनचे दोन आरशातल्या प्रतिमांसारखे प्रकार असतात, एल आणि डी. एलचं डीमध्ये रूपांतर करणारं विकर नसलेल्या माश्या कमी झोपतात. त्यांना डी-सेरिन दिलं की झोप परतते, एल-सेरिनने परतत नाही. गंमत म्हणजे ते विकर आतड्याच्या पेशींत पुन्हा चालू केलं तरी झोप सुधारली. झोपेचा कारभार एकटा मेंदू पाहतो, हा समज तिथेच ढिला झाला.

2023 मध्ये हार्वर्डच्या गटाने आतड्याचा आणखी एक निरोप पकडला. प्रथिनयुक्त अन्न मिळालं की माशीच्या आतड्यातून एक पेप्टाइड स्रवतं, ते मेंदूतल्या मोजक्या डोपामिन पेशींचं काम बदलतं, आणि झोपलेली माशी कंपनांनी सहजी जागी होत नाही. झोपेचा एकूण वेळ मात्र तेवढाच राहतो. उष्णतेने ती पूर्वीसारखीच जागी होते. म्हणजे झोप किती आणि झोप किती गाढ, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. बातम्यांचे मथळे बहुधा दोन्ही एकच धरतात.

त्यातही पेच आहे. 2020 च्या एका अभ्यासात फक्त साखरेवर ठेवलेल्या माश्यांची झोप उलट अधिक गाढ दिसली. उपाशी माश्या जागतातच, अन्न शोधायचं असतं ना; पण उपासात गमावलेली झोप त्या नंतर भरूनही काढत नाहीत.

तेव्हा माशीचे हे निष्कर्ष दाखवून कुणी झोपेसाठी अमिनो आम्लांची भुकटी विकत असेल, तर खिशात हात घालू नका. कंपनांनी सहज न जागं होण्याचा हार्वर्डचा परिणाम प्रथिनं जास्त दिलेल्या उंदरांतही आढळला, हे खरं. पण भुकटी विकत घेणारा उंदीर नसतो.