धान जपा, भात नको!

फायनल इयरचा प्रोजेक्ट होस्टेलच्या रूमवर मस्त चालतो आणि लॅबच्या मशीनवर रुसून बसतो. मग सगळा दोष कंपायलरला! मी चार-पाच ग्रुप्सचा कोड उघडून पाहिला. घोळ बहुतेक ठिकाणी एकच: स्वतः लिहिलेल्या आणि मशीनने बनवलेल्या फाइल्स गिटमध्ये एकत्र कोंबलेल्या.

आपला भंडारा धानाचा जिल्हा, तेव्हा त्याच भाषेत सांगतो. वर्षभरासाठी आपण धान साठवतो, शिजलेला भात नाही. डॉट सी, डॉट एच आणि हाताने लिहिलेली मेकफाइल हे धान. डॉट ओ, डॉट डी आणि तयार प्रोग्राम हा भात. हवा तेव्हा शिजवता येतो.

भात साठवला तर बिघडतं काय? बेल लॅब्जच्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये लिहिलेलं ‘मेक’ फाइलची वेळ बघतं; सोर्स नवा असेल तरच पुन्हा कंपाइल करतं. पण गिट ही वेळ साठवतच नाही. क्लोन केल्यावर सगळ्याच फाइल्सना त्या क्षणाची वेळ मिळते आणि शिळी डॉट ओ मेकला ताजी वाटू शकते.

दुसरं दुखणं हेडरचं. स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढवलं, पण मेकफाइलमध्ये त्या हेडरची नोंद नसली, तर काही फाइल्स जुन्याच मापाने चालतात आणि प्रोग्राम कुठेही कोसळतो. ही यादी हाताने लिहू नका. जीसीसीला ‘-एमएमडी’ पर्याय द्या. तो डॉट डी फाइल्स बनवतो, त्या मेकफाइलमध्ये इन्क्लूड करा.

अपवादही आहे. जीसीसी प्रकल्प स्वतः ‘कॉन्फिगर’ ही बनवलेली स्क्रिप्ट साठवतो, म्हणजे घेणाऱ्याला ऑटोकॉन्फ लागत नाही. पण ती ऑटोकॉन्फ २.६९ नेच बनवायची, असा त्यांचा नियम आहे.

हा प्रश्न नुसत्या टापटिपीचा नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तो उघडणारी ओळ गिटमध्ये नव्हतीच, रिलीजच्या टारबॉलमधल्या बिल्ड फाइलमध्ये होती. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे अँड्रेस फ्रॉइंड यांनी खणून काढलं म्हणून तो उघडकीस आला. बनवलेली फाइल सहसा कोणी वाचत नाही, हीच तर चोराची सोय!

तेव्हा एवढं करा:

१. भाताची नावं गिटइग्नोर फाइलमध्ये लिहा. आधीच साठवलेल्या फाइल्स ‘गिट आरएम --कॅश्ड’ने काढा, नुसत्या इग्नोरने त्या जात नाहीत.
२. कंपायलरची आवृत्ती रीडमीमध्ये नोंदवा.
३. सबमिशनआधी शेजारच्या रूममधल्या मशीनवर ताजा क्लोन घेऊन मेक चालवा. तिथे चाललं, तर लॅबमध्ये चालण्याची आशा धरायला हरकत नाही!