सोयरिकीला चौकशी, मग मताला का नाही?

वाचकहो, मुलीचे स्थळ बघायचे म्हटले की आपण काय काय करतो, ते जरा आठवून पाहा. मुलाच्या गावी आपला कुणी पाहुणा निघतो का, ते शोधतो. विहिरीला पाणी किती, सोसायटीचे कर्ज किती, भाऊबंदकीत वाद आहे का, मुलगा पितो का, सारे खोदून खोदून विचारतो. सातबारा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुपारी फोडत नाही. आणि पाच वर्षांसाठी ज्याच्या हाती देशाची तिजोरी द्यायची, त्याची चौकशी कुठे करतो? पारावर, चहा पिता पिता. तीही बहुतेक त्याच्या जातीची!

मी जुन्या वळणाचा बाप आहे, हे आधीच सांगून टाकतो. देवधर्म, वडीलधाऱ्यांचा मान, अंथरूण पाहून पाय पसरणे आणि दिलेला शब्द पाळणे या गोष्टी मला आजही मोलाच्या वाटतात. घरातली पोरे हसतात. हसोत बापडी. पण संस्कार आणि परंपरा हे शब्द हल्ली दर सभेत ऐकू येतात, तेव्हा ते बोलणाऱ्याला त्याच मापाने मोजायला काय हरकत आहे?

पहिले माप शब्दाचे. 1967 साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि देशाला ‘आयाराम गयाराम’ हा शब्द मिळाला. पुढे 1985 मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा झाला. त्यात एक फट ठेवली होती. एक तृतीयांश आमदार मिळून फुटले तर ते चालायचे. 2003 मध्ये ती फट बुजवली, तरी दोन तृतीयांश जणांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट राहिलीच. म्हणजे एकटा गेला तर दोषी, गोतावळा घेऊन गेला तर सुटला. आपल्या राज्यात 2022 आणि 2023 मध्ये दोन मोठे पक्ष फुटले, आणि पक्षाचे नाव, चिन्ह कुणाचे याचा निवाडा निवडणूक आयोगापुढे गेला. कोण खरे, कोण खोटे, हे मी सांगत बसत नाही. तुम्ही जाणते आहात. पण माझ्या धाकट्याने विचारले, “बाबा, ज्याच्या विरुद्ध मतं मागितली त्याच्याच शेजारी बसायचं होतं, तर मागितली कशाला?” मी त्याला म्हशीला पाणी दाखवायला पाठवले.

आता कांद्याचे घ्या. 1980 च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याच्या चढ्या भावाचा मुद्दा गाजला. 1998 मध्ये दिल्लीतले सरकार पडले, त्यातही कांद्याचा हात होता. दोन्ही वेळा रडला तो खाणारा. पिकवणाऱ्याचे रडणे दिल्लीला उशिरा ऐकू आले. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि बाजार समितीत भाव कोसळले. बंदी उठली ती 4 मे 2024 रोजी, तीही चाळीस टक्के निर्यातशुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरीचे मतदान 20 मे रोजी होते! सोळा दिवस आधी आलेल्या पाहुण्याला आपण काय म्हणतो, ते इथे लिहीत नाही. दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या.

त्याच दिंडोरीत आणखी एक गोष्ट घडली. निवडून आलेल्या उमेदवाराचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस. त्यांच्याच आडनावाचा एक अपक्ष नुसती तुतारी घेऊन उभा होता. त्याला एक लाखाहून जास्त मते पडली. तेव्हा चिन्हावर भरवसा ठेवू नका, नाव वाचा, फोटो बघा. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात चिठ्ठी सात सेकंद दिसते, तीही बघा.

उमेदवाराचाही सातबारा असतो बरे का! 2003 पासून प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावे लागते. जमीनजुमला, सोनेनाणे, कर्ज, शिक्षण, अंगावरचे खटले सारे त्यात लिहिलेले असते, आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही पाहता येते. घरातली कॉलेजात जाणारी पोरे मोबाईलवर दिवसभर काय काय बघतात, त्यांना हे काढायला सांगा. खटला दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका. आंदोलनात रस्ता अडवला तरी गुन्हा दाखल होतो. कोणते कलम आहे ते वाचा. अशा घरी मुलगी दिली असती का, एवढे मनाला विचारा.

मागच्या निवडणुकीत एक कार्यकर्ता ओट्यावर येऊन बसला. “दादा, तुमच्या घरची सहा मतं धरू ना?” मी म्हटले, “घर माझं आहे. मतं ज्याची त्याची. आत जा आणि एकेकाला विचार.” तो आत गेला नाही. तुम्ही म्हणाल, जुन्या वळणाचा बाप असून घर मोकळे सोडता? अहो, मतदान या शब्दातच दान आहे, आणि आपल्यात गुप्तदान मोठे मानतात. माझ्या सुनेने कुणाला मत दिले हे मी विचारणे मला शोभत नाही. आणि दानाचे पैसे घेणे तर त्याहून शोभत नाही. मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने गुन्हेगार आहेत, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. सरकारी योजनेचे पैसे वेगळे. ते हक्काने घ्यावेत. ते आपल्याच करातले आहेत, कुणाच्या उपकाराचे नव्हेत.

आमच्या वेळी मताला एकवीस वर्षे पुरी लागत. 1989 मध्ये ती अट अठरावर आली. मला तेव्हा ते लवकर वाटले, आजही वाटते. तरी धाकटी अठराची झाल्याबरोबर तिचा सहा नंबरचा फॉर्म मीच भरून घेतला.

सुनांची नावे मात्र घरोघर राहून जातात. लग्न होऊन येते, पण नाव माहेरच्या यादीत. मतदानाच्या दिवशी चुलीपाशी बसून राहते. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितल्यामुळे सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावे यादीतून गळाली होती. आता पत्ता बदलायला आठ नंबरचा फॉर्म असतो. गावातल्या बीएलओकडे मिळतो, मोबाईलवरही भरता येतो. या आठवड्यात यादी काढून बघा, सुनेचे नाव आहे का.