हाड घराण्याचं, पण वजन?

नालासोपाऱ्यात एका वलीम्याला गेलो होतो. आमच्या समोर दोन चुलतभाऊ बसले होते, दोघेही पंचविशीच्या आतले. एक अंगानं भरलेला, दुसरा काडीसारखा. बिर्याणी वाढणाऱ्या मामूंनी पहिल्याला टोमणा मारला, "तू जरा बेतानं!" आणि दुसऱ्याच्या ताटात दोन चमचे जास्त ओतले. जाड्याच्या अम्मीनं लगेच बाजू घेतली, "आमच्या माहेरचं हाडच तसं आहे."

अम्मी अगदीच खोटं बोलत नव्हत्या. २००७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी एफटीओ या जनुकाचा वजनाशी संबंध दाखवला. त्याचा वजन वाढवणारा प्रकार आई आणि वडील दोघांकडूनही आलेल्यांचं वजन, तो मुळीच न आलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलो जास्त भरलं. अशांना पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. म्हणजे सगळ्यालाच हावरटपणा म्हणणं बरं नाही. पण फरक तीन किलोंचा, तीसचा नव्हे! शिवाय दोन लाखांवर माणसांची माहिती एकत्र केल्यावर २०११ साली दिसलं की हालचाल करणाऱ्यांत या जनुकाचा जोर सुमारे पाव भागानं कमी पडतो. पहाटे विरार लोकल पकडून रात्री परतणाऱ्या आपल्या पोरांचं चालणं मात्र रिक्षा ते फलाट एवढंच.

आम्हाला खरी काळजी वाटली ती त्या काडीसारख्या पोराची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखंच, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२! वजनकाट्याला हे दिसत नाही. पुढे २००९ साली याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे-म्हैसूरच्या लोकांत तेच एफटीओ तपासलं. इथे त्याचा मधुमेहाशी संबंध निघाला, आणि तो निव्वळ वजनामुळे नव्हता.

म्हणून घरात शिंप्याची टेप असेल तर कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली, तर वजन कितीही असो, साखर तपासून घ्या. घरात कुणाला मधुमेह असेल तर टेपचीही वाट पाहू नका.

जेवण झाल्यावर त्या बारक्याला विचारलं, "बेटा, साखर कधी तपासलीस?" तो हसला, "मला? मी तर सुकलेला!" शेजारी त्याचे अब्बा खिशातून मधुमेहाची गोळी काढत होते.