की-बोर्ड बिघडला की संगणक थिजला?
(लेखमाला : जुना संगणक सांभाळताना – लेखांक ६)

खरीप पीकविम्याचे अर्ज सुरू झाले की करमाडसारख्या गावात सेवा केंद्रांपुढे सकाळपासून गर्दी असते. नेमका तेव्हाच माउसचा बाण जागचा हलेना, की-बोर्डवर अक्षर उमटेना, तर चालकाचा जीव टांगणीला लागतो. शहर वीसेक किलोमीटरवर. मग नवा की-बोर्ड आणायला माणूस धाडला जातो. माझं सांगणं एवढंच, की माणूस धाडण्याआधी बिघाड कुठे आहे ते ठरवा. ते घरबसल्या ठरवता येतं.

आधी नम लॉक दाबा. त्याचा दिवा लागला-विझला तर की-बोर्ड ठणठणीत आहे आणि संगणकही ऐकतोय. अडकलाय तो एखादा प्रोग्राम. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तो बंद करा. दिवा जागचा ढिम्म हलला नाही, तर माउस फिरतोय का पाहा. फिरत असेल तर दोष की-बोर्डचा किंवा त्याच्या जोडणीचा. दोन्ही गप्प असतील तर बहुधा संगणकच थिजलाय. पॉवरचं बटण दाबून धरून तो बंद करावा लागेल.

दिवा लागतो, पण अक्षर उमटत नाही, असंही होतं. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबलेली राहिली की विंडोज ‘फिल्टर कीज’ सुरू करायची का, असं विचारतं. तिथे नकळत ‘हो’ म्हटलं गेलं, की हलके, झटपट दाबलेले ठोके संगणक सोडून देतो. की-बोर्डच्या कडेवर फाइल ठेवायची सवय असेल तर हे आधी तपासा. उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद दाबली की ते बंद होतं.

आता जोडणी. जुन्या संगणकाच्या मागे दोन गोल खाचा असतात, जांभळी की-बोर्डची आणि हिरवी माउसची. आयबीएमने १९८७ साली आणलेली ही पीएस/२ जोडणी चालू संगणकात काढ-घाल करण्यासाठी नाही. सुटलेली पिन चालू असतानाच बसवली तरी संगणक ती बऱ्याचदा ओळखत नाही. म्हणून आधी बंद करा, बॅटरीच्या उजेडात पिनमधल्या सहा तारांपैकी एखादी वाकली आहे का बघा, हलक्या हाताने बसवा, मग सुरू करा. यूएसबी असेल तर पुढची खाच सोडून मागच्या खाचेत लावा. पुढच्या खाचा बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेल्या असतात आणि ती जोडणी सैल होते.

एवढ्यावर भागलं नाही तर संगणक बंद करून विजेची वायरच काढा. नुसतं बंद करून उपयोग नाही, कारण वायर लावलेली असेपर्यंत मदरबोर्डला पाच व्होल्ट मिळतच राहतात आणि त्यावरची अडकलेली चिप तशीच अडकून राहते. वायर काढल्यावर पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज उतरते. माझ्या मते सगळ्यात गुणकारी उपाय हाच, आणि लोक नेमका हाच टाळतात.

सुरू करताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा. तिथे की-बोर्ड चालला, पण विंडोजमध्ये नाही, तर दोष ड्रायव्हरचा. विंडोज ७ ला यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळात नाहीत. निळ्या खाचेतून काढून काळ्या खाचेत लावलं तरी काम होतं. तारीख दरवेळी काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल संपलाय. तो संपला की बायोसमधल्या नोंदी पुसल्या जातात आणि काही जुन्या बोर्डांवर यूएसबी की-बोर्डच बंद होतो. अशा वेळी कुणाकडून तरी जुना पीएस/२ की-बोर्ड उसना आणा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र तो संगणक वापरू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. नवा की-बोर्ड त्यानंतर.