23 किलोंत काय बसतं?

माझ्या भाचीच्या बॅगेतून सोलापुरी चादर तीन वेळा बाहेर निघाली आणि तीन वेळा परत आत गेली. बाहेर काढणारी ती, आत कोंबणारी तिची आई. चादर डबलची, जाडजूड. काट्यावर पावणेदोन किलो भरली. "आई, तिकडं रजई मिळते गं," ही म्हणते. "मिळत असेल, पण ती धुता येते का घरात?" ताई विचारते. मुलगी स्टुटगार्टला निघालेली, आणि घरात आठ दिवस याच विषयावर चर्चा.

अशी घरं आता वाढणार. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी. त्यात परिचारिका आहेत, वीजतंत्री आहेत, चालक आहेत. म्हणजे परदेश फक्त संगणकवाल्यांचा, हे दिवस सरत चालले. पण बॅग कशी भरायची हे करारात लिहिलेलं नसतं.

आधी हिशोब. भाचीच्या तिकिटावर 23 किलोच्या दोन बॅगा आणि हातात 7 किलो. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण रिकामी बॅगच चार-साडेचार किलोची, म्हणजे दोन बॅगांत नऊ किलो नुसत्या बॅगांचे. उरले 37. त्यात थंडीचे कपडे आणि बूट गेले की संसाराला वीस-बावीस किलो राहतात. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, म्हणून तिकीट वाचूनच बॅग काढावी. सोलापूरहून मुंबईला विमानानं जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं: ते तिकीट वेगळं काढलं असेल तर देशांतर्गत सामानाची मर्यादा लागते, आणि ती बरीच कमी असते. आम्ही मुकाट्यानं सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली.

न्यायचं काय, याबद्दल माझं मत साधं आहे. तिथं मिळत नाही ते न्या, असं सगळे सांगतात. पण आता तिथं सगळं मिळतं. भारतीय दुकानात हिंग, पोहे, तूरडाळ, सगळं. न्यावं ते आपल्या हाताच्या, तोंडाच्या आणि अंगाच्या मापाचं. चष्मा अंगाच्या मापाचा, म्हणून नंबर तपासून दोन जोड. दाताचं काम इथंच उरकून घ्यावं. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह; जर्मनीत स्वतःपुरती साधारण तीन महिन्यांची नेता येतात. मूळ प्रमाणपत्रं आणि दागिने हातातल्या बॅगेत. अंगावरचं सोनं पुढे परत आणायचं असेल, तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडून निर्यात दाखला घेता येतो. तो नसला की परतताना आपलंच सोनं आपलं असल्याचं पटवत बसावं लागतं.

स्वयंपाकघरात खरी गंमत आहे. जर्मनीत भाड्याच्या घरात पुष्कळदा ओटा, शेगडी, कपाटं काहीच नसतं. आधीचा भाडेकरू ते काढून नेतो. म्हणून आधी विचारावं, शेगडी आहे का आणि कसली. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. चुंबक चिकटतो ती भांडी चालतात, एवढी परीक्षा घरबसल्या होते. आम्ही तीन लिटरचा स्टीलचा कुकर घेतला, आणि त्याच्या पोटात त्याच कंपनीच्या दोन रिंगा, एक शिट्टी, एक सेफ्टी व्हॉल्व्ह. वजन फारसं नाही, पण रिंग सैल झाली की कुकर नुसतं पातेलं. मिक्सर जर्मनीत चालतो, कारण वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची. फक्त पिनेला जोड लागतो. अमेरिकेत मात्र 120 व्होल्ट, तिथं इथला मिक्सर नेऊ नये. पोळपाट राहू द्यावा, लाटणं न्यावं. लाटणं हाताच्या मापाचं असतं.

आता खाणं. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप गेलं, पेढे गेले, खवा गेला. कढीपत्त्याची ताजी डहाळीही दाखल्याशिवाय चालत नाही. आखाती देशांत जाणाऱ्यांनी खसखशीचं नावही काढू नये, तिथं ती अमली पदार्थांत मोडते. आणि ओटीतलं खोबरं! जर्मनीला ओल्या नारळाचं काही वावडं नाही, पण सुकं खोबरं विमानात धोक्याचा माल ठरतं. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून सामानात चालत नाही. ताईच्या जाऊबाईंनी ओटीत घातलेली खोबऱ्याची वाटी आम्ही गुपचूप काढून आमटीला वापरली.

शेंगाचटणी मात्र जाते. विकतची नव्हे, उखळात कुटलेली: भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि तेच बॅगेत पाझरतं. म्हणून आधी जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, मग स्टीलचा डबा. कडक भाकरी हे तर आपल्या बायकांनी प्रवासासाठीच शोधलेलं अन्न असावं. पाणी उडालेलं, वजनाला हलकं, महिनोन् महिने टिकणारं. फक्त चुरा होतो, तेव्हा डब्यात उभ्या रचाव्यात. ज्वारीचं पीठ नेऊ नये. मंगळवेढ्याच्या ज्वारीचं असलं तरी महिन्याभरात त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना भेगाळते.

ज्यांना घरच हलवायचं आहे, त्यांचा माल न्हावा-शेवाहून बोटीनं जातो. युरोपात किमान सहा महिने वापरलेल्या घरगुती वस्तूंना ठरावीक अटींवर शुल्कात सूट मिळते. पण सागवानी कपाट समुद्रापार नेण्यापेक्षा ते भावाला द्यावं, भाऊ खूश होतो.

आमचं सोलापूरही तसं गाठोडी बांधून आलेल्यांचंच. पूर्व भागातले पद्मशाली विणकर तेलंगणातून आले ते मागाचं कसब, तेलुगू बोली आणि आपले मार्कंडेय ऋषी घेऊन. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ अजून निघतो. ज्या चादरीवर आमच्या घरी भांडण झालं, जिला आज भौगोलिक मानांकन आहे, ती या विणकरांच्याच हातची.

शेवटी मोठी बॅग 22 किलो 800 ग्रॅम भरली. चादर तिच्यात नव्हती. भाची ती पांघरून सिद्धेश्वरच्या वरच्या बर्थवर झोपली आणि मुंबईत उतरताना घडी करून हातावर घेतली. हे सगळं ठरल्यावर, गाडी सुटायला वीस मिनिटं असताना फलाटावर एक काकू लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. सोलापुरातल्या समस्त काकू-मावश्यांना हात जोडून विनंती: जे द्यायचं ते महिनाभर आधी आणून द्या, आणि वजन करून आणा.