तिरंग्यावरचे चाक कुठून आले?

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या सायंकाळी आमच्या करडीच्या घरी मुलगी झेंड्याचे चित्र काढीत बसली होती. तीन पट्टे रंगवून झाले आणि मधल्या निळ्या चाकात तिने 8 आरे काढले. "विहाराच्या भिंतीवर आठच आहेत ना!" असे तिचे म्हणणे. आम्ही म्हणालो, "नाही बाई, 24 पाहिजेत." तिने लगेच विचारले, "24 का? आणि हे चाक आलं कुठून?" आम्ही बी.कॉम. शिकलेले, कचेरीत दरवर्षी झेंड्याला सलामी देणारे, पण अडखळलो. धानाच्या निंदणावरून थकून आलेली आमची आई म्हणाली, "सरकारचा झेंडा होय तो, सरकारलेच पूस." ते आमच्या मनाला लागले. म्हणून हा लेखप्रपंच.

बंधू-भगिनींनो, पूर्वी या झेंड्यावर चाक नव्हते, चरखा होता. त्याच चरख्याचा झेंडा घेऊन मिरवणुकीने जाण्यास इंग्रज सरकारने बंदी घातली, म्हणून 1923 साली आपल्या शेजारच्या नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. शेकडो लोक तुरुंगात गेले. पुढे 1931 मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा व हिरवा असे पट्टे ठरविले. चरखा मध्येच राहिला.

स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा, जून 1947 मध्ये, घटना समितीने झेंड्यासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मौलाना आझाद, सरोजिनी नायडू यांच्याबरोबर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. 22 जुलै 1947 रोजी पंडित नेहरूंनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. चरख्याचे चित्र झेंड्याच्या दोन्ही बाजूंनी सारखे दिसत नाही, ही अडचण नेहरूंनी सांगितली. म्हणून चरख्याची खूण म्हणून फक्त चाक ठेवले. पण त्याचा आकार घेतला तो सम्राट अशोकाच्या सारनाथच्या सिंहस्तंभावरील चक्राचा.

सारनाथ म्हणजे तथागतांनी पाच भिक्खूंना पहिला उपदेश देऊन धम्मचक्र प्रवर्तन केले ते स्थान. तिथला सिंहशीर्ष 1904-05 च्या उत्खननात मातीतून वर आला. त्यावरील चक्राला 24 आरे आहेत, म्हणून झेंड्यावरही 24. विहारातील चक्राचे 8 आरे आर्य अष्टांगिक मार्गाचे आहेत. 24 आऱ्यांचे अर्थ पुष्कळ जण सांगतात, पण मूळ ठरावात तसा अर्थ दिलेला नाही. रंगांविषयी डॉ. राधाकृष्णन यांनी घटना समितीत सांगितले, ते मुलांना सहज समजेल: केशरी त्यागाचा, पांढरा सत्याच्या प्रकाशाचा, हिरवा मातीशी असलेल्या नात्याचा, आणि चक्र म्हणजे धर्म व गती.

आता आईच्या बोलण्याकडे वळू. ती अगदीच चुकीची नव्हती. 2002 पर्यंत सामान्य माणसाला ठराविक दिवशीच घरावर झेंडा लावता येत असे. 26 जानेवारी 2002 पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने झेंडा फडकविणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. आज झोपडीवरही तो डौलाने लागू शकतो. मात्र केशरी पट्टा वर असावा, झेंडा जमिनीला टेकू नये, फाटका लावू नये. कार्यक्रमानंतर कागदी झेंडे रस्त्यात पडतात, पायाखाली येतात. ते आपल्या मुलांनी उचलून आणावेत.

त्या रात्री मुलीने आठ आरे खोडले, कंपासपेटी काढली आणि पंधरा-पंधरा अंशांवर 24 आरे आखले. सारनाथची गोष्ट ऐकत बसलेल्या आमच्या आईला अक्षर येत नाही, पण मोजता येते. तिने एकेका आऱ्यावर बोट ठेवून 24 मोजले आणि चित्र दाराच्या आतल्या बाजूला स्वतः चिकटविले. सरकारला विचार, असे ती पुन्हा म्हणाली नाही. आपल्या घरीही मुलांना हे चाक मोजायला लावा, आणि ते कुठून आले ते सांगा.