वशिल्याच्या राजकारणातून आलेला राष्ट्राध्यक्ष: चेस्टर आर्थर

अमेरिकेचे एकविसावे राष्ट्राध्यक्ष चेस्टर ॲलन आर्थर सप्टेंबर १८८१ ते मार्च १८८५ या काळात पदावर होते. उपराष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी त्यांनी मतदारांनी निवडून दिलेले एकही पद भूषवलेले नव्हते. त्यांची सारी वाटचाल पक्षाच्या पडद्यामागच्या कारभारातून झाली. सरकारी नोकऱ्या परीक्षा घेऊन भराव्यात असा कायदा मात्र त्यांच्याच सहीने अंमलात आला.

आर्थर यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८२९ रोजी व्हरमाँट राज्यातल्या फेअरफिल्ड गावी झाला. पुढे स्वतःचे वय एक वर्षाने कमी सांगण्याची त्यांना सवय जडली, त्यामुळे जुन्या पुस्तकांत १८३० हे साल आढळते. आयर्लंडहून आलेले वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. युनियन कॉलेजातून पदवी, काही काळ शिक्षकी आणि मग न्यूयॉर्कमध्ये वकिली असा मुलाचा मार्ग ठरला. वकिलीतला सुरुवातीचाच एक खटला गाजला. १८५४ मध्ये चर्चला निघालेल्या एलिझाबेथ जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिक्षिकेला घोड्यांच्या ट्रामगाडीतून जबरदस्तीने खाली उतरवण्यात आले. पंचविशीतल्या आर्थर यांनी तिची बाजू मांडली, आणि १८५५ मध्ये ज्यूरीने तिला २२५ डॉलर भरपाई दिली. शहरातल्या ट्रामगाड्यांमधला वर्णभेद मोडण्याची ही सुरुवात ठरली.

यादवी युद्धात न्यूयॉर्क राज्याच्या सैन्याला कपडे, तंबू आणि रसद पुरवण्याची जबाबदारी त्यांनी चोख पार पाडली. युद्धानंतर ते सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग यांच्या गोटात शिरले आणि १८७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना न्यूयॉर्क बंदराचे जकात प्रमुख नेमले. ही जागा का मोलाची होती ते आज चटकन लक्षात येत नाही. केंद्र सरकारचे उत्पन्न त्या वेळी मुख्यतः आयात जकातीवर चाले आणि देशाच्या एकूण जकातीतला सिंहाचा वाटा या एका बंदरात जमा होई. जकातगृहात सुमारे हजार माणसे कामाला होती. त्यांतल्या बहुतेकांची पात्रता म्हणजे कॉन्कलिंग गटाशी निष्ठा. निवडणूक आली की त्यांच्या पगारातून पक्षासाठी वर्गणी कापली जाई, आणि न देणाऱ्याची नोकरी धोक्यात येई. मालाची चुकीची माहिती जाहीर करणाऱ्या व्यापाऱ्याला दंड झाला की त्यातला हिस्सा अधिकाऱ्यांच्या खिशात पडे. ही प्रथा १८७४ मध्ये बंद होईपर्यंत आर्थर यांची वार्षिक कमाई पन्नास हजार डॉलरांच्या घरात होती, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या वेतनाच्या तोडीची. ते कचेरीत यायचेही दुपारी. स्वतः पैसे खाल्ल्याचा आरोप त्यांच्यावर सिद्ध झाला नाही, पण ज्या व्यवस्थेत उघड पैसे खाण्याची गरजच नव्हती, तिथे हे प्रशस्तिपत्र फारसे वजनदार नाही. राष्ट्राध्यक्ष हेस यांनी चौकशी नेमली आणि १८७८ मध्ये त्यांना पदावरून दूर केले.

१८८० च्या जानेवारीत पत्नी एलेन न्यूमोनियाने वारल्या. त्याच उन्हाळ्यात शिकागोला रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात ३६ व्या फेरीत जेम्स गारफिल्ड यांचे नाव ठरले आणि नाराज कॉन्कलिंग गटाला चुचकारण्यासाठी आर्थर यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी देऊ करण्यात आली. कॉन्कलिंग यांनी नकार देण्यास बजावले होते. आर्थर यांनी ते मानले नाही. निवडून आल्यावरही निष्ठा जुनीच राहिली. गारफिल्ड यांनी कॉन्कलिंग यांचे विरोधक रॉबर्टसन यांना जकात प्रमुख नेमताच हे उपराष्ट्राध्यक्ष आपल्याच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनीत कॉन्कलिंग यांच्यासाठी खटपट करत होते.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर चार्ल्स गिटो याने गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारी पद न मिळाल्याने बिथरलेला हा माणूस आता आर्थर राष्ट्राध्यक्ष होतील असे मोठ्याने सांगत होता, त्यामुळे संशयाची सावली आर्थर यांच्यावरही पडली. गारफिल्ड १९ सप्टेंबरला वारले. त्याच रात्री सव्वादोनच्या सुमारास आर्थर यांनी न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरील राहत्या घरी शपथ घेतली. उपराष्ट्राध्यक्ष नाही, सिनेटचा हंगामी अध्यक्षही नाही, अशी ती विचित्र वेळ होती. आपले काही बरेवाईट झाले तर सिनेटची बैठक भरावी म्हणून त्यांनी तसा हुकूम लिहून व्हाइट हाउसच्या पत्त्यावर, राष्ट्राध्यक्षांच्या नावे, टपालात टाकला.

कॉन्कलिंग लवकरच भेटीला आले. रॉबर्टसन यांना काढा, ही मागणी आर्थर यांनी फेटाळली. टपाल मार्गांच्या कंत्राटातील घोटाळ्यावर खटले चालवले गेले, पण बडे आरोपी सुटले. दरम्यान जुलिया सँड नावाची न्यूयॉर्कची एक आजारी स्त्री त्यांना पत्रे लिहून कानउघाडणी करत होती. ऑगस्ट १८८२ मध्ये ते स्वतः तिच्या घरी जाऊन आले. या पत्रांनी आर्थर बदलले असे सांगितले जाते. पण मतपेटीचा धडा जास्त परिणामकारक ठरला असावा. १८८२ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृह गमावले. सत्ता जाण्याआधी आपल्या नेमणुका सुरक्षित करण्याची घाई त्या पक्षालाच झाली. १६ जानेवारी १८८३ रोजी आर्थर यांनी पेंडल्टन कायद्यावर सही केली. परीक्षेने भरती, राजकीय कारणाने बडतर्फीला बंदी, पगारातून वर्गणी वसूल करण्यास मनाई अशा त्यातल्या तरतुदी होत्या. सुरुवातीला सुमारे दहा टक्केच केंद्रीय नोकऱ्या या कक्षेत आल्या. मात्र पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेली जकातगृहे त्यात होती, म्हणजे न्यूयॉर्कचेही. अंमलबजावणीसाठी त्यांनी सुधारकांतलेच डॉर्मन ईटन यांना आयोगावर आणले.

चिनी मजुरांबाबत आर्थर यांची भूमिका डळमळीत होती. वीस वर्षांच्या बंदीचे विधेयक चीनशी झालेल्या कराराविरुद्ध जाते म्हणून त्यांनी परत पाठवले, पण दहा वर्षांच्या बंदीवर ६ मे १८८२ रोजी सही केली. ती बंदी पुढे वाढत गेली आणि १९४३ पर्यंत टिकली. नद्या-बंदरांच्या खर्चाचे उधळपट्टीचे विधेयकही त्यांनी नाकारले, तर काँग्रेसने ते बहुमताच्या जोरावर मंजूर करून घेतले. लाकडी जहाजांच्या जागी पोलादी जहाजे बांधण्याला १८८३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि आधुनिक अमेरिकी नौदलाचा पाया तिथे घातला गेला. १८८४ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून वॉशिंग्टनला परिषद भरली आणि ग्रीनिच हे मूळ रेखावृत्त ठरले.

राहणी शौकीन होती. व्हाइट हाउसमधले जुने सामान चोवीस गाड्या भरून लिलावात काढून त्यांनी सजावटकार लुई टिफनी यांच्याकडून वास्तू सजवून घेतली. मात्र १८८२ पासून मूत्रपिंडाचा असाध्य आजार जडला होता, आणि तो त्यांनी लोकांपासून लपवला. १८८४ च्या उमेदवारीसाठी त्यांनी जोर लावला नाही. ती जेम्स ब्लेन यांना मिळाली. १८ नोव्हेंबर १८८६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी बहुतेक खासगी कागदपत्रे जाळून टाकायला लावली. जुलिया सँड यांची पत्रे मात्र वाचली. ती आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.